लाभांश की तेजी-मंदी? घरबसल्या उत्पन्नाची चारशे वर्षं

मंडळी, या शनिवारचा विषय पैशाचा आहे. घाबरू नका, टिप वगैरे देणार नाही. कुठला शेअर घ्यावा हे सांगणारे गल्लोगल्ली आहेत, त्यात माझी भर नको. आपण आपलं नेहमीप्रमाणे इतिहासात डोकावू.

प्रश्न साधा आहे. नोकरीला लागून सात-आठ वर्षं झाली, गृहकर्जाचा हप्ता जाऊनही थोडे पैसे शिल्लक राहायला लागले, की कधीतरी डोक्यात येतं : या साठलेल्या पैशानेही आता थोडं काम करावं, दरमहा खात्यात काहीतरी टाकावं. एफडीचं व्याज कर वजा जाता महागाईला पुरत नाही. मग माणूस शेअरबाजाराकडे वळतो आणि तिथे त्याला दोन पंथ भेटतात. एक पंथ लाभांशवाल्यांचा. चांगल्या जुन्या कंपन्यांचे शेअर घ्या, विकू नका, वर्षातून एक-दोनदा येणारा डिव्हिडंड खा. दुसरा पंथ ऑप्शन विकणाऱ्यांचा. दर आठवड्याला, दर महिन्याला कॉल-पुट विका, प्रीमियम खिशात घाला, मुदत संपली की पुन्हा विका. हे लोक त्याला लाडाने 'भाडं' म्हणतात.

दोन्ही पंथांचा मंत्र एकच : 'उत्पन्न'. बँकेच्या स्टेटमेंटवर दोन्हीची जमेची ओळ सारखीच दिसते. पण त्या ओळीमागचा व्यवहार इतका वेगळा आहे, की दोघांना एकच शब्द वापरल्यामुळे गेल्या चारशे वर्षांत बऱ्याच जणांची घरं बुडाली आहेत. ती गोष्ट आज सांगायची आहे.

आधी व्यवहार नीट समजून घेऊ. लाभांश म्हणजे कंपनीने धंदा केला, नफा झाला आणि त्यातला काही भाग मालकांना वाटला. वाटल्यावर कंपनीच्या तिजोरीत तेवढे पैसे कमी होतात, म्हणून एक्स-डिव्हिडंडच्या दिवशी शेअरचा भावही साधारण तेवढाच खाली येतो. म्हणजे फुकट इथेही काही नाही. गाईचं दूध काढलं की गाय तेवढी हलकी होते, पण उद्या पुन्हा दूध देते, एवढंच.

ऑप्शनचं समजायला आपला 'इसार' आठवा. फ्लॅट 80 लाखांना ठरला, तुम्ही 1 लाख इसार दिला आणि तीन महिन्यांची मुदत घेतली. त्या मुदतीत मालक फ्लॅट दुसऱ्याला विकू शकत नाही. भाव 95 लाखांवर गेला तरी तुम्हाला 80 लाखांतच मिळणार. नाही घेतलात तर इसार बुडाला. कॉल ऑप्शन म्हणजे जवळपास हेच, आणि कॉल विकणारा म्हणजे इसार घेणारा मालक. फरक एकच, पण भयंकर : बाजारात ज्याच्याकडे फ्लॅटच नाही असा माणूससुद्धा इसार घेऊ शकतो! पुट विकणं म्हणजे याच्या उलट, म्हणजे दुसऱ्याच्या मालाचा विमा उतरवणं. भाव पडला तर मी ठरलेल्या भावाला घेईन, त्याबद्दल आत्ता मला हप्ता दे.

तर एकाचं उत्पन्न हे झालेल्या धंद्यातला वाटा आहे. दुसऱ्याचं उत्पन्न हे अजून न घडलेल्या घटनेची जोखीम अंगावर घेतल्याची फी आहे. आता इतिहास.

दोन्हींचा जन्म एकाच गावात झालेला दिसतो, ॲमस्टरडॅममध्ये. 1602 मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली, लोकांनी पैसे घातले आणि वाट बघत बसले. पहिला लाभांश आला तो थेट 1610 मध्ये, आणि तोही मुख्यतः जायपत्रीच्या रूपात! रोख पैशाची वाट बघणाऱ्यांच्या पदरात मसाला. विचार करा, तुमच्या डिमॅट खात्याला लाभांश म्हणून मिरी आणि जायपत्री जमा झाली तर :)

लाभांश असा उशिरा आणि लहरीने येणार म्हटल्यावर शेअरच्या भावावरच खेळणं वाढलं. 1688 मध्ये जोसेफ दे ला वेगा नावाच्या गृहस्थाने ॲमस्टरडॅमच्या शेअरबाजारावर स्पॅनिशमध्ये एक पुस्तक लिहिलं, 'कॉन्फ्युजन दे कॉन्फ्युजिओनेस'. एक तत्त्वज्ञ, एक व्यापारी आणि एक शेअरवाला गप्पा मारताहेत अशी त्याची मांडणी आहे, आणि त्यात ऑप्शनचा व्यवहार व्यवस्थित समजावलेला आहे. म्हणजे शिवाजी महाराजांच्या निधनानंतर अवघ्या आठ वर्षांनी तिकडे कॉल-पुटवर चर्चा चालली होती. आपण समजतो की हे सगळं गणित कॉम्प्युटर आल्यावरचं आहे. तसं नाही. कॉम्प्युटरने फक्त वेग दिला.

त्याच कंपनीचा शेवट लाभांशवाल्यांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. अठराव्या शतकात तिचा नफा आटत गेला, तरी भागधारकांना खूश ठेवायची सवय सुटली नाही. कर्ज वाढत गेलं, 1780 ते 1784 च्या इंग्रजांबरोबरच्या युद्धाने कंबरडं मोडलं आणि 1799 च्या अखेरीस कंपनी विसर्जित झाली. लाभांश नियमित येतोय याचा अर्थ धंदा ठणठणीत आहे असा होत नाही, हा धडा इतका जुना आहे.

ऑप्शनच्या बाबतीत सरकारांची पहिली प्रतिक्रिया सगळीकडे एकच झाली : बंदी घाला. इंग्लंडने 1734 मध्ये कायदा करून ऑप्शनचे व्यवहार बेकायदा ठरवले. तो कायदा 1860 पर्यंत, म्हणजे सव्वाशे वर्षं टिकला. व्यवहार अर्थातच थांबले नाहीत, फक्त कोर्टाचं दार बंद झालं.

न्यूयॉर्कमध्ये तर एक माणूस या धंद्याचा बापच म्हणून ओळखला गेला, रसेल सेज. 1870 च्या दशकात त्याने कॉल-पुट विकायचं जणू दुकानच थाटलं. अत्यंत काटकसरी, हिशेबी माणूस. वर्षानुवर्षं प्रीमियम गोळा करत राहिला आणि गडगंज झाला. मग मे 1884 आला. ग्रँट अँड वॉर्ड ही दलाली पेढी बुडाली (तिचा एक भागीदार म्हणजे अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट), बाजार कोसळला आणि सेजने विकलेले पुट घेऊन लोक त्याच्या ऑफिसच्या दारात उभे राहिले. त्याला प्रचंड फटका बसला. सेज मुळातच अफाट श्रीमंत असल्यामुळे तगला. पण त्यानंतर त्याने या धंद्यातून अंग काढून घेतलं. ज्या माणसाला हा व्यवहार अमेरिकेत सगळ्यात जास्त कळत होता, त्याने एका महिन्याच्या अनुभवावर दुकान बंद केलं, हे लक्षात ठेवा.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. इथल्या शेअरदलालांची संघटना 1875 ची. इथे कॉलला 'तेजी' म्हणत, पुटला 'मंदी', आणि दोन्ही एकदम घेतलं-विकलं की 'तेजी-मंदी'. हे नुसते बाजारबोलीतले शब्द राहिले नाहीत, चक्क भारताच्या कायद्यात आले. सिक्युरिटीज काँट्रॅक्ट्स (रेग्युलेशन) ॲक्ट, 1956 मध्ये ऑप्शनची व्याख्या करताना तेजी, मंदी, तेजी-मंदी आणि गल्ली हे शब्द लिहिलेले आहेत. आणि त्याच कायद्याच्या कलम 20 ने हे सगळे व्यवहार बंद केले. इंग्रजी कायद्यात आपला दलाल स्ट्रीट असा अजरामर झाला, पण आरोपी म्हणून!

त्यामुळे आपल्या आई-वडिलांच्या पिढीला शेअरमधून उत्पन्न म्हणजे मुख्यतः लाभांशच माहीत. (बदल्याला पैसे लावून व्याज कमावणारेही होते, पण ते दलाल ओळखीचा असणाऱ्यांसाठी.) 1970 च्या दशकात फेरा कायद्यामुळे परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा कमी करावा लागला आणि बऱ्याच नावाजलेल्या कंपन्यांचे शेअर मध्यमवर्गाच्या हाती आले. पोस्टाने येणारं डिव्हिडंड वॉरंट हा त्या पिढीचा लाडका कागद. पण तेव्हाही सगळं सुरळीत नव्हतं. 1974 मध्ये सरकारने महागाई आवरायला वटहुकूम काढून लाभांशावरच मर्यादा घातली : नफ्याच्या एक तृतीयांश किंवा दर्शनी किमतीच्या 12 टक्के, यातलं जे कमी असेल ते. कंपनीची द्यायची तयारी असली तरी सरकार आडवं येऊ शकतं, हे तेव्हा कळलं. करांचा खेळही चालूच राहिला. 1997 मध्ये लाभांश भागधारकाच्या हातात करमुक्त झाला आणि कंपनीने वेगळा कर भरायचा असं ठरलं. मध्ये एक वर्ष ते उलटलं, पुन्हा सुलटलं आणि एप्रिल 2020 पासून लाभांश पुन्हा तुमच्या-आमच्या उत्पन्नात मिळवून स्लॅबप्रमाणे कर लागतो. तीस टक्क्यांच्या स्लॅबमधल्या मंडळींना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

1995 मध्ये कलम 20 गेलं. जून 2001 मध्ये निर्देशांकावरचे ऑप्शन सुरू झाले, जुलैमध्ये निवडक शेअरवरचे आले आणि त्याच जुलैत बदला बंद झाला. तेजी-मंदी परत आली, नाव तेवढं इंग्रजी झालं.

योगायोग बघा. ज्या वर्षी आपण ही बंदी उठवली त्याच 1995 मध्ये, सिंगापूरला बसलेल्या एका सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या पोराने तेजी-मंदी विकून जगातली एक जुनी बँक बुडवली. निक लीसन आणि बेअरिंग्ज बँक. गोष्ट तुम्हाला माहीत असेल, पण त्यातला आपल्या कामाचा भाग बरेचदा सांगायचा राहून जातो. लीसनने आधीचे तोटे 88888 नंबरच्या खात्यात लपवले होते आणि ते झाकायला रोख हवी होती. ती त्याने जपानच्या निक्केई निर्देशांकावरचे कॉल आणि पुट दोन्ही विकून उभी केली. निक्केई एका पट्ट्यात रेंगाळत राहिला तर सगळा प्रीमियम त्याचा. 17 जानेवारी 1995 ला कोबेचा भूकंप झाला. 23 जानेवारीला एका दिवसात निक्केई हजारावर अंकांनी घसरला. बाजार सावरावा म्हणून लीसन फ्युचर्स घेत सुटला आणि शेवटी तोटा निघाला 82.7 कोटी पौंड. 1762 पासून चालत आलेली बँक एका पौंडाला विकली गेली.

लीसन लबाड होता म्हणून सोडून देऊ. व्हिक्टर नीडरहॉफर लबाड नव्हता. हार्वर्डमध्ये शिकलेला, संख्याशास्त्रात मुरलेला, स्क्वॉशचा चँपियन. 1997 मध्ये त्याचं सट्ट्याच्या शिक्षणावरचं पुस्तक निघालं. त्याच वर्षी 27 ऑक्टोबरला अमेरिकन बाजार 7 टक्क्यांच्या आसपास पडला. त्याच्या फंडाने पुट विकून ठेवले होते. फंड संपला. थायलंडच्या शेअर्समध्ये आधीच मार बसला होता, त्यामुळे हा धक्का पेलायला अंगात बळ उरलं नव्हतं.

आपल्याकडची तारीख हवी? 18 मे 2009. लोकसभेचा निकाल शनिवारी लागला होता. शुक्रवारी निफ्टी 3671 वर बंद. सोमवारी बाजार उघडताच वरचं सर्किट, दोन तासांनी पुन्हा उघडला, पुन्हा सर्किट, दिवसभरासाठी बंद. निफ्टी 4323, म्हणजे जवळपास 18 टक्के वर. व्यवहार झाले ते मिनिटभराचेसुद्धा नसतील. आता कल्पना करा, शुक्रवारी कुणी 3900 चा कॉल 60 रुपयांना विकला असता (60 हा आकडा समजण्यापुरता धरलाय). सोमवारी त्याच ऑप्शनची किंमत किमान 423 रुपये. मिळकत 60, देणं 423. स्टॉपलॉस लावून ठेवला असता तरी काय? मधल्या कुठल्याच भावाला बाजार थांबलाच नाही.

मला या तारखेचं विशेष वाटतं कारण त्या दिवशी बातमी चांगली होती. लाभांशवाले घरी पेढे वाटत होते. लाभांशवाल्याला भीती वाईट बातमीची. ऑप्शन विकणाऱ्याला भीती मोठ्या बातमीची, मग ती चांगली असो की वाईट. शेअर हातात ठेवून त्यावर कॉल विकणाऱ्याचं, म्हणजे कव्हर्ड कॉलवाल्याचं, त्या दिवशी दिवाळं निघालं नसतं हे खरं. पण 18 टक्क्यांच्या वाढीतला मोठा तुकडा त्याने साठ रुपयांना आधीच विकून टाकलेला असता.

आता उलट बाजूही बघायला हवी, नाहीतर हे कीर्तन होईल. ऑप्शन विकणं हा मूर्खपणा आहे असं इतिहास म्हणत नाही. लोक भीतीपोटी विम्याला थोडे जास्तच पैसे देतात, त्यामुळे विकणाऱ्याला सरासरीने काहीतरी सुटतं. शिकागोच्या ऑप्शन एक्स्चेंजने 2002 मध्ये कव्हर्ड कॉलचा एक निर्देशांक आणला. जुन्या आकड्यांवर त्याचा परतावा एस अँड पी 500 च्या जवळपास दिसत होता आणि चढउतार बरेच कमी. मग 2009 नंतर अमेरिकन बाजार वर्षानुवर्षं वर जात राहिला आणि हा निर्देशांक खूप मागे पडला. म्हणजे हे उत्पन्न खरं असतं, पण त्याची किंमत चुकवावी लागते : पडझडीतला बराचसा भाग तुमच्याकडे राहतो आणि मोठी तेजी दुसऱ्याकडे जाते.

आणि लाभांशही काही देवाज्ञा नव्हे. सिटी ऑफ ग्लासगो बँकेने 1878 मध्ये 12 टक्के लाभांश दिला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती बुडाली. हिशेब खोटे होते. भागधारकांचं दायित्व अमर्याद, त्यामुळे 1,819 भागधारकांपैकी फक्त 254 जण दिवाळखोरीतून वाचले. आपल्या आयटीवाल्यांना तर लांब जायलाच नको. सत्यमही नियमित लाभांश देत होती, जानेवारी 2009 पर्यंत! त्याच वर्षी फेब्रुवारीत जनरल इलेक्ट्रिकने तिमाही लाभांश 31 सेंटवरून 10 सेंटवर आणला. 1938 नंतरची ती पहिली कपात. तीन पिढ्यांनी ज्यावर विसंबून घर चालवलं ते एका पत्रकाने एक तृतीयांशावर आलं.

पण एका कंपनीऐवजी सगळा बाजार घेतला तर चित्र बदलतं. 1929 च्या शिखरापासून 1932 च्या तळापर्यंत डाऊ 381 वरून 41 वर आला, म्हणजे 89 टक्के घसरण. त्या महामंदीत अमेरिकन कंपन्यांचे एकूण लाभांश निम्म्याहून थोडे जास्त कमी झाले. 2007 ते 2009 मध्ये एस अँड पी 57 टक्के पडला, लाभांश 2008 ते 2009 मध्ये साधारण 21 टक्के कमी झाले. म्हणजे शतकातल्या सगळ्यात वाईट काळातही लाभांशाचा झरा बारीक झाला, पण आटला नाही. ऑप्शन विकणाऱ्याच्या वाईट काळात मिळकत नुसती शून्य होत नाही, उणे होते. मागच्या कित्येक वर्षांचं मिळालेलं परत करावं लागतं. थेंबे थेंबे तळे साचे हे खरं, पण या तळ्याचा बांध एका रात्रीत फुटतो आणि पाण्याबरोबर शेतही जातं.

मग हा सगळा ओढा ऑप्शनकडे का? कारण गणित निराश करणारं आहे. निफ्टीचा डिव्हिडंड यील्ड गेली बरीच वर्षं साधारण 1 ते दीड टक्क्याच्या घरात आहे. 50 लाख गुंतवले तर वर्षाला 50 ते 75 हजार, त्यातून कर वजा. महिन्याला सहा हजारांत वाणसामानाचं बिलसुद्धा धड भागत नाही. समोर कोणीतरी 'महिन्याला 2 टक्के' म्हणत असेल, तर पाय घसरणारच.

त्यातून एक नवी युक्ती निघाली आहे. लाभांश देणारे शेअर ब्रोकरकडे गहाण ठेवायचे, त्यावर मार्जिन घ्यायचं आणि ऑप्शन विकायचे. एकाच पैशावर दोन उत्पन्नं! दिसायला झकास. पण 23 मार्च 2020 आठवा. एका दिवसात निफ्टी 13 टक्के खाली. त्या दिवशी गहाण ठेवलेल्या शेअरची किंमतही पडते आणि विकलेल्या पुटचं देणंही वाढतं. ज्या क्षणी तारण सगळ्यात जास्त लागतं त्याच क्षणी ते सगळ्यात कमी होतं. सर्व्हर आणि बॅकअप एकाच रॅकमध्ये ठेवणाऱ्याला आपण काय म्हणतो?

सेबीचे आकडे सगळ्यांनी पेपरात वाचले असतीलच. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत एफ अँड ओमधल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडर्सपैकी 93 टक्के तोट्यात, एकूण तोटा 1.8 लाख कोटींहून जास्त. यात ऑप्शन विकत घेणारेही आहेत, त्यामुळे 'घेणारे हरतात, आपण विकणारे' असं कुणी म्हणेल. पण समोर कोण जिंकतंय तेही त्याच अहवालात आहे. 2023-24 मध्ये ब्रोकरांच्या स्वतःच्या खात्यांचा नफा साधारण 33 हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांचा 28 हजार कोटी, आणि त्यातला 95 टक्क्यांहून जास्त अल्गोरिदमने कमावलेला. लंचब्रेकमध्ये मोबाइलवर कॉल विकणारा माणूस या मंडळींशी स्पर्धा करत असतो. नोव्हेंबर 2024 पासून काँट्रॅक्टचा किमान आकारही 15 लाखांवर गेला आहे, तेव्हा छोट्या रकमेत शिकण्याची सोयही आकसली.

थोडक्यात काय, तर दोन्हीपैकी एक चांगलं आणि एक वाईट असा निकाल मी देत नाही. हिशेब लिहिताना मात्र ते दोन वेगळ्या रकान्यांत लिहा. विमा कंपनी मिळालेला हप्ता लगेच नफा म्हणून वाटून टाकत नाही, दाव्यांसाठी राखीव ठेवते. ऑप्शन विकायचेच असतील तर प्रीमियमचा मोठा भाग तसाच राखीव ठेवायला हवा. आणि सौद्याचा आकार ब्रोकर किती मार्जिन मागतो यावर न ठरवता, 18 मे 2009 पुन्हा आली तर किती द्यावे लागतील यावर ठरवायला हवा. हे केल्यावर महिन्याचे 2 टक्के किती उरतात ते स्वतःच मांडून बघा. बहुतेकांच्या बाबतीत तो आकडा लाभांशाच्या त्या केविलवाण्या दीड टक्क्याच्या बराच जवळ येतो, आणि तेव्हा कळतं की मधला फरक हा भूकंपाचे पैसे आधीच खर्च केल्यामुळे दिसत होता.

असो. हप्ते फेडायचे आहेत तोवर आपलं खरं उत्पन्न म्हणजे पगार, त्याला इतिहासात फारसा पर्याय सापडला नाही. पुढच्या शनिवारी बदल्याची गोष्ट सांगतो, ती याहून रंगीत आहे.